‘घडत असणार’ आणि ‘घडतंच’

सप्रेम आशीर्वाद.

तुझा आक्षेपाचा मसुदा दोनदा वाचला. मायक्रोवेव्हने वनस्पतींतलं तेल काढण्याच्या पेटंटविरुद्ध तू सगळा भार एकाच वाक्यावर टाकला आहेस: ‘जुन्या पद्धतींतही हेच घडत असणार’, म्हणजे पेटंटमध्ये नवं काही नाही. त्या ‘असणार’पाशी मी अडलो.

आधी पेटंट नीट बघ. कॅनडाच्या पर्यावरण खात्यातल्या पारे आणि सहकाऱ्यांना ते अमेरिकेत १९९१ साली मिळालं. त्यातली गंमत द्रावकात, म्हणजे तेल विरघळवून घेणाऱ्या द्रवात आहे. हेक्सेनसारखा द्रावक घेतला की मायक्रोवेव्ह त्यातून जवळजवळ आरपार जातात. तो फारसा तापत नाही. तापतं ते पानाच्या आतलं पाणी. त्यामुळे तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि तेल बाहेरच्या थंड द्रावकात उतरतं.

आता तुझा दाखला, हंगेरीतल्या गांझ्लर आणि सहकाऱ्यांचा १९८६ चा लेख. घरगुती ओव्हन, थोडा वेळ तापवायचं, गार करायचं, पुन्हा तापवायचं. पण द्रावक म्हणून मिथेनॉल असेल तिथे मिथेनॉल स्वतःच मायक्रोवेव्ह शोषतं, म्हणजे उष्णता बाहेरून आत जाते. हे पेटंटच्या अगदी उलट झालं. नमुना वाळवून दळलेला असेल, तर फुटायला आत पाणी तरी कुठून येणार? हेक्सेन आणि ओलसर नमुना एकाच प्रयोगात सापडला, तर तीच तुझी खरी जागा. बाकीचं सोडून दे.

हळदीच्या पेटंटशी केलेली तुलना काढून टाक. डॉ. माशेलकरांच्या काळात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने लेखी दाखले पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. जखमेला हळद लावतात, हे तिथे शब्दांत लिहिलेलं होतं. तू दाखला दिलेल्या लेखात तसे शब्द नाहीत. न लिहिलेली गोष्ट त्या कृतीत अंगभूत होती, हे तुला दाखवायचं आहे, आणि ते फार अवघड काम आहे. दहापैकी नऊ वेळा घडतं, एवढ्याने अमेरिकी न्यायालय ऐकत नाही. लिहिलंय तसं केलं की ते घडलंच पाहिजे.

चरबीपासून स्निग्धाम्लं काढण्याच्या टिल्घमनच्या पेटंटवरचा १८८० चा अमेरिकी निकाल मुळातून वाच. वाफेच्या इंजिनात वंगण म्हणून घातलेल्या चरबीपासून नकळत स्निग्धाम्लं तयार झाली असतील, पण तो अपघात पेटंटच्या आड येऊ शकत नाही, असं न्यायालय म्हणालं. मग शेरिंग या औषध कंपनीच्या खटल्यातला २००३ चा निकाल वाच. जुनं औषध घेतल्यावर शरीरात एक संयुग तयार होतंच. तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, तरी त्या संयुगाचं पेटंट टिकलं नाही. माझ्या मते तुझं प्रकरण या दोघांच्या मध्ये आहे. कुठल्या बाजूला झुकेल, हे वकील नाही, प्रयोग ठरवेल.

तो प्रयोग करताना माझ्या हातून झालेली चूक करू नकोस. एका प्रकरणात कोरड्या बियांतून काही निघेना, म्हणून मी त्या आधी भिजवल्या. उत्पादन सुरेख आलं. उलटतपासणीत एकच प्रश्न आला: ‘भिजवल्या’ हे जुन्या लेखात कुठे आहे? माझा सगळा अहवाल तिथेच पडला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा लेखात आहे तेवढंच कर. नमुन्यातला ओलावा आधी मोज, द्रावकाचं तापमान फायबर ऑप्टिक तापमापकाने दर काही सेकंदांनी नोंदव, आणि पाच वेळा तोच प्रयोग कर. फसलेले प्रयोगही प्रयोगवहीत राहू देत. शनिवारी वही घेऊन ये, आपण आक्षेपाचं पहिलं पान नव्याने लिहू.