टीव्ही-कॉम्प्युटरच्या मिक्स प्लास्टिकचं पायरोलिसिस (हवेशिवाय तापवून तेल काढणं) करून तेल विकता येईल का?

तसंच्या तसं टाकलंत तर नाही; आधी ब्रोमिनवाला माल वेगळा काढावाच लागतो. भोसरीत प्लास्टिक ग्रेडिंग करतो, त्यावरून सांगतो. जुन्या टीव्हीच्या मागच्या कव्हरमध्ये आग रोखायला ब्रोमिनची रसायनं आणि जोडीला अँटिमनी ऑक्साइड असतं. रिअॅक्टरमध्ये त्यातून हायड्रोजन ब्रोमाइड सुटतो, तो कंडेन्सरचं (वाफ थंड करून तेल करणाऱ्या भागाचं) लोखंड खातो, तेलातही ब्रोमिन उतरतं. असं तेल भट्टीत जाळणं म्हणजे आजूबाजूच्या वस्तीला डायॉक्सिनसारखं विष देणं, हे कृपा करून करू नका.

वेगळं कसं करायचं:
- तांब्याची तार लाल तापवून प्लास्टिकला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर ब्रोमिन किंवा क्लोरिन आहे (पीव्हीसीही हिरवीच दाखवतं). धूर नाकात जाऊ देऊ नका.
- सुमारे १.१ घनतेच्या मिठाच्या पाण्यात साधं एबीएस (अशा कव्हरचं नेहमीचं प्लास्टिक) तरंगतं, ब्रोमिनवालं बुडतं.

मात्र काचतंतू भरलेला माल आणि पॉलिकार्बोनेटसारखं जड प्लास्टिकही बुडतात, म्हणून मोठ्या लॉटला एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी ब्रोमिन ओळखणारं हातातलं यंत्र) हवीच. बुडालेला माल अधिकृत ई-कचरा रिसायकलरकडेच द्या.