सायलेन्सर घरी बदलण्याआधी गाडीचं ठरवा

रत्नागिरीच्या एका वाचकांनी विचारलं आहे: २०११ची पेट्रोल वॅगन आर, मागचा सायलेन्सर गंजून फुटलाय. गॅरेजवाला ६,५०० रुपये सांगतो, डबा बाजारात ३,६००ला मिळतो. अंगणात स्वतः बसवला तर २,९०० वाचतील का? नोंदणीची पंधरा वर्षं येत्या काही महिन्यांत संपताहेत, असंही त्यांनी जाता जाता लिहिलंय.

आधी तुमच्या हिशेबाचं बोलतो. डब्याबरोबर नवं गॅस्केट (सांध्यातून धूर गळू नये म्हणून बसवायची चकती), नट-बोल्ट आणि लटकवायचे रबर लागतात, त्याचे चार-पाचशे धरा. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरताच असतो. निव्वळ त्याच्या भरवशावर कृपा करून गाडीखाली शिरू नका. म्हणजे जॅक स्टँडची (उचललेली गाडी पेलून धरणाऱ्या आधारांची) जोडी आली, बरे पाने आले. दोनेक हजार तिथेच गेले, आणि ही साधनं वसूल व्हायला पुढची कामंही तुम्हीच करायला हवीत. त्यात खाऱ्या हवेत इतकी वर्षं काढलेला बोल्ट सहज सुटत नाही. तो तुटला तर गाडी टो करून त्याच गॅरेजात न्यायची आणि ड्रिलिंगचे पैसे वेगळे. हाताशी साधनं आणि सवय असती तर मी हो म्हटलं असतं. तुमच्याकडे दोन्ही नाहीत.

पण मला महत्त्वाची वाटते ती तुमची शेवटची ओळ. नोंदणी वाढवायची तर कारची नूतनीकरण फी ५,००० रुपये. पर्यावरण कर वेगळा, आणि फिटनेस तपासणीत जे निघेल त्याचा खर्च वेगळा. मुदतवाढ मिळते पाच वर्षांची. म्हणून सायलेन्सरचा निर्णय गाडीच्या निर्णयामागून यायला हवा. टायर, ब्रेक, पत्र्याचा गंज हे एका विश्वासू मेकॅनिकला दाखवून सगळ्याचा आकडा एकदम काढा. गाडी ठेवणार असाल तर नवा डबा घ्या, बिलासकट. गॅरेजकडून सुट्या भागाची आणि मजुरीची रक्कम वेगवेगळी लिहून मागा, किंवा डबा स्वतः आणून सायलेन्सरवाल्याकडून फक्त बसवून घ्या. माझ्या मते खरी बचत इथे आहे. गाडी काढूनच टाकायची असेल, तर भोकावर पत्रा वेल्ड करून घेणं पुरेसं आहे, मात्र डब्याचा पत्रा वेल्डिंग धरण्याइतका शाबूत हवा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढून सरळ पाइप टाकून देतो असं कुणी म्हटलं तर साफ नकार द्या. त्यात प्लॅटिनम-पॅलेडियमसारखे महाग धातू असतात, त्यामुळे जुन्यालाही किंमत येते. शिवाय तो नसेल तर पीयूसीला अडाल. पीयूसीशिवाय पकडलं गेल्यास दंड १०,००० रुपयांपर्यंत आहे.

हे काम मात्र लांबणीवर टाकू नका. फुटक्या सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो आणि त्याला वास नसतो. काम होईपर्यंत काचा बंद करून एसी लावू नका, मुलांना घेऊन लांब जाऊ नका. गाडी ठेवायची की नाही हे या आठवड्यातच ठरवा.