वावर विकून पोराच्या परदेशातल्या घराला पैसे द्यावे का?

प्रश्न: ताई, नमस्कार. आमी दारव्हा तालुक्यातले, पाच एकर वावर हाये, कपाशी आन् तूर. एकुलता एक पोरगा कॅनडात, टोरंटोजवळ. पीआर, म्हणजे तिकडं कायम राहायचा परवाना, भेटला, सूनबाई पण नोकरीत. आता सात लाख डॉलरचं घर पायत हायेत. रोज रात्री व्हॉट्सॲपवर फोटो येतात, आमच्या मंडळीनं तर देव कुठं ठेवायचे तेबी ठरवून टाकलं. पण डाऊन पेमेंट कमी पडते म्हणते पोरगा. वावर विका असं तो म्हटला नाही, ते माह्याच मनात आलं, गिऱ्हाईक बी दारात हाये. रातभर झोप नाही. काय करू? — एक शेतकरी बाप

उत्तर: भाऊ, पाचच्या पाच एकर विकू नका. हे आधीच सांगून टाकते, बाकीचं नंतर वाचा. पोराचं तिकडलं घर आज नाही झालं तर दोन वर्षांनी होईल, पण वावर एकदा गेलं की परत येणं लय कठीण, आणि हे भावनेच्या भरात नाही, कायद्यानं सांगते. आपल्याकडे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, विदर्भाला १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे त्यातही तेच, म्हणजे सातबाऱ्यावरून तुमचं नाव पूर्ण गेलं की उद्या हातात पैसा असून एक एकर घ्यायला कलेक्टरची परवानगी मागत फिरा. आणि पोरगा? तो आता एनआरआय, त्याला इथं फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं मात्र येते. तुमचं वावर त्याच्याकडे जायचा एकच रस्ता आहे, तुम्ही ते ठेवणं.

आता पैशाचं. सात लाख डॉलर ऐकून छातीत धस्स झालं असेल, पण तेवढे रोख कोणी भरत नाही. तिकडे १५ लाख डॉलरच्या आतल्या घराला पहिल्या ५ लाखांवर ५ टक्के आणि त्याच्या वरच्या रकमेवर १० टक्के डाऊन पेमेंट चालते, म्हणजे २५ हजार आणि २० हजार, झाले ४५ हजार. २० टक्क्यांपेक्षा कमी भरलं तर कर्जाचा विमा घ्यावा लागतो आणि हप्ता थोडा वाढतो. पोरगा कदाचित तो विमा वाचवायला पूर्ण २० टक्के, म्हणजे १ लाख ४० हजारांच्या मागे लागला असेल, म्हणून त्याला सरळ विचारा की बाबू, नेमके किती कमी पडतात? तुमच्या पत्रात बाकी सगळं आहे, हाच आकडा नाही. बापलेकाच्या फोनवर हाच आकडा कोणी तोंडातून काढत नाही, दोघंही एकमेकाला जपत बसतात आणि इकडे बाप रातभर जागा. हे पण विचारा की दोघांनी पहिल्या घरासाठीचं एफएचएसए खातं उघडलं का, माणशी वर्षाला ८ हजार आणि एकूण ४० हजार डॉलर टाकता येतात, टॅक्स वाचतो, सूनबाईचं वेगळं. आणि वरचा खर्च धरला का, वकील, इन्स्पेक्शन, आपल्या स्टॅम्प ड्युटीसारखा लँड ट्रान्सफर टॅक्स. सात लाखांच्या घराला ओंटारिओत, म्हणजे टोरंटोच्या प्रांतात, हा टॅक्सच साधारण साडेदहा हजार डॉलर होतो, पहिलं घर म्हणून त्यातले ४ हजारांपर्यंत सुटतात, पण खुद्द टोरंटो शहरात घेतलं तर शहराचा टॅक्स अजून वेगळा.

एवढं विचारूनही मदत करायचीच असेल, आणि बापाला करावीशी वाटणारच, तर एफडी वगैरे काय आहे ते आधी बघा, आणि अगदीच लागलं तर एखादा एकर. तुमचं शिवार नगरपरिषदेच्या हद्दीपासून पुरेसं लांब असेल, दारव्ह्याएवढ्या गावाला २ किलोमीटर धरतात, तर त्या विक्रीवर कॅपिटल गेनचा टॅक्स लागत नाही. व्यवहार मात्र पूर्ण बँकेतूनच करा, कारण पुढे पैसे कुठून आले हे दाखवावं लागतं.

पाठवायचे कसे? हवाला नाही, कोणाच्या मामाच्या ओळखीनं नाही. बँकेत पॅन कार्ड घेऊन जायचं, परदेशात पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरायचा, नात्यातली भेट म्हणून लिहायचं. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत पाठवता येतात, ती मर्यादा आपल्याला पुरून उरते. खरी मेख टीसीएसची आहे, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक जो टॅक्स आगाऊ घेते त्याची. वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत काही कापत नाहीत, त्याच्या वरच्या रकमेवर अशा कामाला बँक २० टक्के वेगळे घेते. ते पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरलं की वळते होतात, पण आपल्या भागात शेतीचं उत्पन्न म्हणून कित्येक जण रिटर्न भरतच नाहीत आणि मग ते तसेच अडकून राहतात. १० लाखांची सूट माणशी आहे, तुमची वेगळी, वहिनींची वेगळी, आणि ३१ मार्चनंतर ती नव्यानं सुरू होते, त्यामुळे थोडे मार्चमध्ये थोडे एप्रिलमध्ये असं जमत असेल तर तसं करा. पण फार उशीर पण नको, तिकडली बँक डाऊन पेमेंटच्या पैशाचा मागच्या ९० दिवसांचा हिशोब बघते आणि ही भेट आहे, उसने नाही, असं तुमच्या सहीचं पत्र मागते.

आणि रात्रीच्या त्या फोटोंबद्दल. बघा, मनसोक्त बघा, देव्हाऱ्याची जागा ठरवा, हा आनंद रोज येत नाही. फक्त पोराला म्हणा, किचन लय दाखवलं, आता व्हिडीओ कॉलवर बेसमेंट दाखव. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात पांढरी क्षाराची रेघ असली की तिथं पाणी झिरपलेलं असते. फर्नेसवर, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीवर, स्टिकर असतो, तो किती सालचा ते वाच म्हणा, तिकडच्या थंडीत तोच घराचा जीव. आणि चार गिऱ्हाईकं भिडली की घाईघाईत इन्स्पेक्शनची आणि कर्जाची अट सोडून ऑफर देतात, ते करू नको म्हणून बापाच्या हक्कानं सांगा. अट सोडली आणि मग कर्ज अडलं तर डिपॉझिट जाते, वरून मालक कोर्टात खेचू शकतो.

प्रश्न: भाचा मेलबर्नला वर्क व्हिसावर आहे, जुनं पण छान घर बघून ठेवलं म्हणतो, आम्ही पैसे पाठवणार आहोत. काही अडचण? — एक मामा, चिमूर

उत्तर: मोठी अडचण. ऑस्ट्रेलियानं १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ परदेशी लोकांना जुनी घरं विकत घ्यायला बंदी केली आहे, आणि त्यात टेम्पररी व्हिसावाले पण आले, अपवाद फार थोडे. तिकडल्या वकिलाचं उत्तर लेखी हातात येईपर्यंत एक रुपया पाठवू नका. पीआर मिळाला की ही बंदी त्याला लागत नाही.

प्रश्न: मुलगी-जावयानं कॅनडात घर घेतलं, पण ते म्हणे लाकडाचं, भिंती ठोकल्या की पोकळ वाजतात, आणि दार दक्षिणेला! मी बोलले तर मुलगी चिडते. वास्तुशांतीला जाणार आहे. — एक आई, आर्वी

उत्तर: ताई, तिकडे बहुतेक घरं लाकडाच्या सांगाड्यावरच उभी असतात, आतून जिप्समचे पत्रे आणि मधल्या पोकळीत थंडी अडवायला इन्सुलेशन भरलेलं, म्हणून तसा आवाज येतो. शंभर वर्षं झालेली अशी घरं तिथं आरामात नांदती आहेत. दक्षिणेचं म्हणाल तर तो देश उत्तरेला इतका वर आहे की हिवाळ्यात सूर्य दक्षिणेच्या बाजूनंच खाली खाली फिरतो, दक्षिणेच्या खिडक्यांतून जे ऊन घरात येते ते उत्तरेच्या बाजूला महिनोन्महिने दिसत नाही, तिथले लोक मुद्दाम दक्षिणेचं तोंड शोधतात. मुलगी चिडते कारण तिनं कित्येक शनिवार-रविवार घरं पाहण्यात घातले, दोनचार हातातून गेली, मग हे मिळालं, आणि आईचा पहिला शब्द दाराबद्दल निघाला. एकदा फोन करून नुसतं म्हणा, घर छान आहे गं.

वास्तुशांती जरूर करा. घरात होम पेटवायच्या आधी जावयाला विचारून घ्या, प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म असतो आणि बरेचदा एक वाजला की सगळे वाजतात. अंगणात जाळ करायला बऱ्याच ठिकाणी नगरपालिकेची परवानगी लागते, ते त्यानं आधी पाहून ठेवलेलं बरं. आणि लाकडाची समिधा, धान्य बॅगेत टाकू नका, विमानतळावर काढून घेतात, पूजेचं सामान तिथल्या भारतीय दुकानात मिळते.