तोंडातली कातडी डोळ्यावर?

प्रश्न: भावाच्या दोन्ही डोळ्यांत ॲसिड उडालं होतं. डॉक्टर म्हणतात नुसतं कॉर्निया (डोळ्यावरचा पारदर्शक पडदा) बदलून भागणार नाही, आधी पेशींचा थर लावायला हवा, तोही तोंडातल्या पेशींचा! हे खरंच करतात का?

उत्तर: हो, करतात. काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर जी बारीक कड असते ना, तिथे स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात, त्याच कॉर्नियावरचा थर रोज भरून काढतात, आणि ॲसिडने तीच कड जळाली की पांढऱ्या भागाची कातडी रक्तवाहिन्यांसकट आत सरकते, मग नवा कॉर्निया लावला तरी तोही गढूळ होतो. एक डोळा चांगला असेल तर त्याच्या कडेचा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा तुकडा घेऊन लॅबमध्ये वाढवतात, १९९७ मध्ये इटलीत हे पहिल्यांदा जमलं. दोन्ही गेले असतील तर गालाच्या आतली त्वचा घेऊन तशीच वाढवतात, २००४ मध्ये जपानचे डोळ्यांचे डॉक्टर निशिदांनी चार पेशंटवर ते करून दाखवलं.

निशिदांनी पेशी ज्यात वाढवल्या ती लॅबमधली डिश मला फार आवडते! ३७ अंशाला पेशी तिला चिकटून वाढतात आणि २० अंशापर्यंत गार केलं की अख्खा थर अलगद सुटतो, खरवडायला नको. निशिदांनी टाकेसुद्धा घातले नव्हते.

पण तोंडाच्या पेशींनी कडेला थोड्या रक्तवाहिन्या येतात, आणि आतला डाग खोल असेल तर कॉर्निया नंतर बदलावा लागतोच. डोळा पार कोरडा पडलाय का, पापण्या नीट मिटतात का, हे आधी विचारा, तिथे गडबड असेल तर थर टिकत नाही.