एस्टिमेट बावन्नशेचं, बिल साडेपंच्याहत्तरशेचं

ऑन्टारिओतल्या मिल्टनहून एका वाचकाचा लांबलचक ई-मेल आलाय. त्यातला बराचसा भाग कंत्राटदार किती गोडबोल्या होता यावर खर्ची पडलाय, तो मी सोडून देतो. उरलेली हकीगत अशी: घरात गॅसची फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) होती, एसी नव्हता. हिवाळ्याच्या तोंडावर स्वस्त पडेल म्हणून गेल्या नोव्हेंबरात सेंट्रल एसी बसवून घेतला. ई-मेलवर आलेलं एस्टिमेट 5,200 डॉलरचं, काम झाल्यावर हातात पडलेलं बिल 7,571 चं. 18 नोव्हेंबरला सगळी रक्कम ई-ट्रान्सफरने देऊनही टाकली. मे महिन्यात एसी पहिल्यांदा लावला, तर वरचा मजला गारच होईना. आता सप्टेंबर संपत आल्यावर विचारतात, "2,371 डॉलर परत मिळतील का? कोर्टात जाऊ का?"

उन्हाळा ओसरला की अशी पत्रं येतातच. आकडे बदलतात, गोष्ट तीच.

आधी तुमचं गणित दुरुस्त करू, कारण चुकीचा आकडा लिहून पाठवलात तर समोरचा त्याच आकड्यावर भांडत बसेल. एस्टिमेटच्या तळाशी बारीक अक्षरात 'प्लस एचएसटी', म्हणजे विक्रीकर वेगळा, असं लिहिलंय, तुम्हीच जोडलेल्या फोटोत दिसतंय. म्हणजे 13 टक्के धरून एस्टिमेट 5,876 चं झालं. बिल करासकट आहे. जादा घेतले ते 1,695 डॉलर. करापूर्वीचे बरोबर 1,500: नवा कॉइल बॉक्स (एसीची थंड कॉइल बसते ती पेटी) आणि प्लेनममधला, म्हणजे फर्नेसला जोडलेल्या हवेच्या पेटीतला, फेरफार 650, इलेक्ट्रिकल 550, पाइपिंग आणि एसीचं पाणी बाहेर टाकणारा कंडेन्सेट पंप 300.

आता ज्या कलमावर सगळं उभं आहे ते. ऑन्टारिओच्या कन्झ्युमर प्रोटेक्शन अ‍ॅक्ट, 2002 चं कलम 10 सांगतं की करारात एस्टिमेट असेल, तर त्याच्या वर 10 टक्क्यांहून जास्त रक्कम ग्राहकाकडून घेता येत नाही. तुमच्या बाबतीत ती मर्यादा करापूर्वी 5,720 होती. लावले 6,700. शिवाय मर्यादा ओलांडल्यावर तुम्ही 5,720 वर समाधान मानायचं, असंही नाही. त्याच कलमाप्रमाणे काम मूळ एस्टिमेटच्याच दरात करून द्या, अशी मागणी तुम्हाला करता येते. म्हणून मागायचे ते पूर्ण 1,695.

इथवर वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल, तर कॅलेंडर काढा. बेकायदा घेतलेली रक्कम परत मागण्याची नोटीस पैसे दिल्यापासून एक वर्षाच्या आत द्यावी लागते, कलम 98. तुमची मुदत 18 नोव्हेंबरला संपते. ती मे महिन्यापासून, म्हणजे एसी गार करत नाही हे कळल्यापासून, मोजायची नसते. पैसे ज्या दिवशी गेले त्या दिवसापासून घड्याळ चालू झालं, आणि त्यातले दहा महिने तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर घालवलेत.

ते सगळे मेसेज मी वाचले. "सर, प्लीज एकदा बघा ना." "थोडं अ‍ॅडजस्ट करता आलं तर बरं." "हॅपी न्यू इयर, आमच्या बिलाचं लक्षात आहे ना?" कायदा नोटिशीच्या भाषेबाबत तसा उदार आहे. ठरावीक नमुना लागत नाही, तोंडी दिलेली नोटीसही चालू शकते. पण तुम्हाला काय हवंय हे त्यातून कळायला हवं. तुमच्या एकाही मेसेजमध्ये 'पैसे परत द्या' हे तीन शब्द नाहीत! अजिजी पानभर आहे, मागणी कुठेच नाही. न्याय्य वाटलं तर न्यायाधीश नोटिशीची अट बाजूला ठेवू शकतात, तशी सोय कलम 101 मध्ये आहे. पण मुदत हातात असताना त्या दयेवर विसंबणारा अशील मला नको.

तेव्हा या आठवड्यात ई-मेल करा आणि तेच पत्र रजिस्टर्ड पोस्टानेही पाठवा. लेखी नोटीस पाठवली की ती दिली असं धरलं जातं, त्यामुळे 'मिळालंच नाही' या सबबीची फार काळजी नको. मजकूर पाच-सहा ओळींचा पुरे: एस्टिमेटची तारीख आणि रक्कम, बिलाची तारीख आणि रक्कम, पैसे दिल्याची तारीख, कलम 10, आणि '1,695 डॉलर 15 दिवसांत परत करा' ही स्पष्ट मागणी. वरच्या मजल्याची तक्रार या पत्रात घालू नका, ती वेगळी पाठवा. दोन भांडणं एका कागदावर आली की समोरचा सोपं तेवढं निवडतो, टेक्निशियन पाठवतो आणि पैशांचं विसरायला लावतो.

कंत्राटदार उत्तर काय देईल तेही सांगतो. तो म्हणेल, ग्राहकाने जादा काम मान्य केलं होतं. आणि इथे तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलंय, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत: "मी ऑफिसात होतो, मिसेसनी बेसमेंटमध्ये कंत्राटदाराच्या टॅबवर बोटाने सही केली." कशावर केली? काम पूर्ण झाल्याची पोच होती, की जादा कामाला संमती? तुम्हाला माहीत नाही, मिसेसनाही आठवत नाही, आणि प्रत कोणी मागितली नाही. फर्नेसच्या आवाजात, मळलेल्या टॅबवर, स्क्रोल न करता केलेली सही. कलम 10 मध्येच म्हटलंय की ग्राहकाला जादा किंवा वेगळं काम हवं असेल, तर दोघं मिळून एस्टिमेट बदलू शकतात. ती सही या अपवादात बसते का, हे कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

एवढं मात्र म्हणेन की 'हवं असेल' या शब्दांत थोडा जीव आहे. मोठा कॉइल बॉक्स तुम्ही हौसेने मागितला नव्हता. फर्नेसवर जागा किती आहे, हे एस्टिमेटला आलेल्या माणसाने टेप लावून मोजायचं असतं. विजेच्या पॅनेलमध्ये दोन पोलच्या ब्रेकरला जागा उरली आहे का, हे दार उघडलं की दिसतं. त्याने न पाहिलेली गोष्ट तुमची 'जादा गरज' कशी ठरते, हा वाद घालण्यासारखा आहे. जिंकालच असं नाही.

त्या 550 च्या ओळीबद्दल अजून एक. घरातलं असलं इलेक्ट्रिकल काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराने करायचं असतं आणि इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑथॉरिटीला कळवायचं असतं. त्याचं सर्टिफिकेट मागा. नसेल, तर तडजोडीच्या टेबलावर तुमचं पारडं थोडं जड होतं, आणि घराच्या सुरक्षिततेसाठीही ते तपासून घ्यायला हवंच.

वरचा मजला गार न होणं हा दावा मला कच्चा वाटतो. दोष यंत्राचा, गॅस कमी भरल्याचा, की मुळात फक्त गरम हवेसाठी टाकलेल्या डक्टचा, हे तिसऱ्या माणसाच्या लेखी रिपोर्टशिवाय कोणी ठरवणार नाही. त्याला वेळ आहे, साधारणपणे दोष कळल्यापासून दोन वर्षं. पण नोव्हेंबरात बसवलेला साधा एसी तेव्हा नीट चालवून पाहताच येत नाही. बाहेर पंधरा अंशांच्या खाली पारा असेल, तर गॅसचा दाब भरवशाने मोजता येत नाही आणि कॉम्प्रेसरलाही धोका असतो. म्हणून अशा कामात चाचणी वसंतात करतात. हे माहीत असणारा कंत्राटदार आणि माहीत नसणारे तुम्ही, दोघांनी मिळून मेमध्ये तपासायच्या वस्तूचे पूर्ण पैसे नोव्हेंबरात चुकते केले. हजारभर डॉलर चाचणीपर्यंत अडकवून ठेवले असते, तर ही सगळी पत्रापत्री वाचली असती.

कोर्टाचं म्हणाल, तर रक्कम स्मॉल क्लेम्स कोर्टाच्या, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टाच्या, मर्यादेत आरामात बसते. 35,000 ची मर्यादा 1 ऑक्टोबर 2025 पासून 50,000 झाली आहे. वकील लावू नका, माझ्यासकट. 1,695 साठी आमची फी परवडत नाही. खटल्याआधी सेटलमेंट कॉन्फरन्स, म्हणजे तडजोडीची बैठक, असते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात, पण ती तारीख मिळेपर्यंत तुमचा एसी अजून एक उन्हाळा पाहील. नोटीस गेली की कंत्राटदार हजार-बाराशेवर यायची शक्यता आहे. आला, तर मी असतो तर घेतले असते.

घरावर त्यांनी काही 'चढवलं' असेल का, ही तुमची भीती शेजाऱ्याच्या भाड्याच्या फर्नेसवरून आली आहे. तुम्ही एसी विकत घेतलाय, पैसे दिलेत. शिवाय असल्या घरगुती वस्तूंसाठी घराच्या मालकी नोंदीवर बोजा चढवायची सोय प्रांताने 6 जून 2024 पासून बंदच केली आहे. ती चिंता सोडा.

टॅबवरच्या सहीची प्रत मात्र आजच मागा, वेगळ्या दोन ओळींच्या ई-मेलने. आली की मला पाठवा. नोटीस तिच्यासाठी थांबवू नका.