चुकून झालं म्हणालास म्हणून लिहितोय

पोरा,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी अर्धा झोपेत होतो, धड बोलता आलं नाही, आणि हे तसं फोनवर बोलायचं पण नाहीये म्हणून लिहायला बसलोय. सोलापूर-बार्शी रस्त्यावर वडाळ्याच्या अलीकडं ससा गाडीखाली आला, तू थांबला नाहीस, आणि दोन दिवस झाले घास गिळवत नाही म्हणालास. खरं सांगू, घास गिळवत नाही हे ऐकून मला बरं वाटलं. पण मग तू दोन वाक्यं बोललास ती माझ्या डोक्यातून जाईनात. एक म्हणजे "मामा, चुकून झालं, मी काय मुद्दाम मारलं का". आणि दुसरं, तुझे मित्र तुला म्हणाले की एका सशासाठी काय रडतोस, शनिवारी बॅटरी घेऊन माळावर ससे मारायला चल आमच्यासोबत, मटण तर सगळेच खातात की, आणि तुला त्यांना उत्तर देता आलं नाही.

आधी चुकूनचं बघू. तू ऐंशीनं होतास, तूच सांगितलंस. ऐंशीच्या स्पीडला गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते, म्हणजे समोर काहीतरी आहे हे डोळ्याला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच बावीस मीटर गेले, त्याच्या पुढं थांबायला अजून पस्तीस-चाळीस लागतात, आणि माल भरलेला पिकअप असला तर त्याहून जास्त. डिपरवर तुला नीट दिसतं किती, चाळीस-पन्नास मीटर. मग तो ससा वाचणार कुठनं? ससा पुढ्यात आला तेव्हा तुझ्या हातात काहीच नव्हतं हे मला मान्य आहे, पण नान्नज सोडल्यावर रस्ता मोकळा दिसला आणि तू पाय दाबलास ना, तेव्हा सगळं तुझ्या हातात होतं. चूक तिथं झाली. रस्ता मोकळा नव्हता रे, तुला दिसत नव्हता इतकंच. तो सगळा पट्टा माळढोकच्या अभयारण्याचा, 1979 पासूनचा, दोन्ही बाजूला गवताळ माळ, काळवीट, लांडगे, खोकड सगळं तिथलंच, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं फिरणं रात्रीचं, पहाटेचं. रस्ता त्यांच्या मधनं गेलाय.

काळवीट एक पुढनं गेलं की ब्रेक सोडायचा नाही हे मी तुला शिकवलं होतं, मागं कळप असतो, एकामागं एक उड्या मारत येतात. आणि कुत्रं अर्ध्यातनं परत फिरतं. पण काहीही आलं तरी स्टेअरिंग झटक्यात फिरवायचं नाही, समोरनं येणाऱ्या मोटारसायकलवर बाप-लेक असू शकतात, त्यांचा जीव आधी. सरळ ब्रेक. आणि सरळ ब्रेकनं गाडी थांबायची असेल तर त्या पट्ट्यात रात्री पन्नासच्या वर जायचंच नाही. वैरागला दहा मिनिटं उशिरा पोचशील.

आता माझं सांगतो, हे मी तुझ्या मामीला पण नीट सांगितलेलं नाही. चादरीचा माल घेऊन लातूरला चाललो होतो, टेम्पो नवीनच होता माझा, पहाटेची वेळ, आणि एक खोकड चाकाखाली आलं. मी थांबलो. मागचं अंग पूर्ण चेपलेलं, पुढचे दोन पाय मात्र चालत होते, त्या पायांनी ते स्वतःला डांबरावरनं ओढत गवताकडं न्यायला बघत होतं, नखांचा आवाज येत होता डांबरावर, आणि तोंडातनं आवाज काही नाही. क्लीनर जॅकचा रॉड घेऊन आला, म्हणाला उस्ताद, सोडवू या त्याला. मला हो म्हणता येईना आणि नको पण म्हणता येईना. शेवटी आम्ही दोघं कडेला बसून राहिलो, वीस-पंचवीस मिनिटांनी ते गेलं. तेव्हा मोबाईल नव्हते. आता फॉरेस्टचा 1926 नंबर आहे, कुत्र्या-गुरासाठी 1962 आहे, त्यामुळं रॉड उचलायचा प्रश्न तुझ्यावर यायला नको. पण थांबायला तर पाहिजे ना. तू मागं बघितलं असतंस तर तुला कळलं असतं ससा मेला का तसाच ओढत गेला. आज तुला ते माहीत नाही, आणि मला वाटतं घास त्यामुळंच गिळवत नाहीये.

आता शनिवारचं. ससा बॅटरीवर कसा मारतात बघितलंयस का? उजेड डोळ्यावर टाकला की तो जागेवर थिजतो, पळायचं सुचत नाही त्याला, मग काठी घाला नाहीतर कुत्रं सोडा. अरे, तुझ्या हेडलाईटमध्ये तो असाच थिजला होता. तेच जनावर, तोच उजेड, फरक एवढाच की शनिवारी तो मुद्दाम टाकायचा. एकासाठी तुझं जेवण तुटलंय आणि दुसऱ्यासाठी तू चाललास तर तू स्वतःला काय सांगणार?

कायदा पण सांगून ठेवतो, 1972 च्या वन्यजीव कायद्यात ससा पण येतो आणि तितर पण, नुसतं फासा लावणं, पाठलाग करणं, प्रयत्न करणं हे सुद्धा शिकारच धरतात. काळवीट असलं तर तीन ते सात वर्षं आत. आणि एक गोष्ट मला फार खुपते. पारध्याच्या माणसानं पोटासाठी दोन तितर धरले तर सगळं गाव त्याला चोर म्हणतं, इंग्रजांनी 1871 पासून कायदा करून त्यांच्यासारख्या कितीतरी जमातींच्या कपाळावर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं त्यांना, 1952 ला कायदा गेला पण बोलणं गेलं नाही. आणि घरी फ्रीज भरलेला असताना गाडीत पेट्रोल टाकून, मोबाईलवर शूटिंग करत ससे मारायचे त्याला मजा म्हणायचं? मजेसाठी जीव घ्यायचा नाही. ह्यात मी एक इंच पण मागं सरणार नाही.

मटणाचा प्रश्न मात्र खरा आहे, तो मी टाळत नाही. मी खातो. बोकड पण जीवच आहे, त्याला पण मरायचं नसतं, आणि "पाळलेलं आहे" म्हटल्यानं ते फिटत नाही. मला एवढंच जमलंय की खायचं तर त्या जनावराचे हाल माझ्या हातनं होऊ द्यायचे नाहीत, आणि ते पण मी चूक करूनच शिकलोय. एका व्यापाऱ्याची शेरडं बाजारला नेली होती मे महिन्यात, दहा-बाराची जागा आणि कोंबली पंचवीस, भाडं चांगलं होतं म्हणून मी पण गप्प बसलो. उतरवताना तीन मेलेली निघाली, बाकीच्यांच्या पायाखाली. ती कुणाच्या ताटात पण गेली नाहीत. त्यानंतर मी जनावरांचं भाडं घेतलंच नाही, तुला पण घेऊ देणार नाही. मटण सोडलेली माणसं माझ्यापेक्षा पुढं आहेत असं मी मानतो, मित्रांना पण तसंच सांग, मामा खातो पण त्याला ते बरोबर आहेच असं वाटत नाही.

शनिवारी मित्रांना नाही म्हण, कारण विचारलं तर ससा आठवतो म्हण, लाजू नको.

आणि उद्या बार्शीला जाशील तेव्हा उजेडात त्या जागी थांब. मेलेलं जनावर रस्त्यावर तसंच पडलं की ते खायला कावळे, घारी, कुत्री येतात आणि ती पण गाड्यांखाली जातात. काठीनं कडेला गवतात सारून ठेव, हात लावू नको. तिथं ससा नसला तर कडेच्या गवतात थोडं आत जाऊन बघ. काय दिसलं ते मला संध्याकाळी फोन करून सांग, मी जागा आहे.

तुझा मामा