रद्दीवाल्याला चार महिने थांबव

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली, फोटोही नीट पाहिले. आजोबांच्या दोन लोखंडी ट्रंका, माळ्यावरचे सुतळीने बांधलेले गठ्ठे, आणि सगळे दिवाळी अंक. इमारत पुनर्विकासाला गेली आहे, भाड्याच्या घरात पाय ठेवायला जागा नाही आणि आई म्हणते, देऊन टाक रद्दीत. आईवर चिडू नकोस. इतकी वर्षं त्या गठ्ठ्यांवरची धूळ तिनेच झटकली असणार. आपल्याकडे जमवणारा एक असतो आणि सांभाळणारं बहुतेक दुसरंच कुणीतरी.

तू तीन प्रश्न विचारलेस: विकून किती पैसे येतील, स्कॅन करून ठेवावं का, आणि आजोबांनी हे का ठेवलं. त्यातला पैशांचा आधी संपवू. फार काही येणार नाही. संपादक का. र. मित्र यांनी १९०९ साली काढलेला ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक, मराठीतला पहिला मानला जाणारा, ट्रंकेत निघाला, तर हातातलं काम टाकून मला फोन कर. पण तो निघणार नाही. साठ-सत्तरच्या दशकातले अंक भरपूर छापले जायचे, घरोघरी जायचे, त्यामुळे एकेकट्या अंकाला मोल असं नाही. चित्रकार दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांचे ‘दीपावली’ मात्र लोक शोधत असतात. दलाल मूळचे गोव्याचे, १९४५ साली त्यांनी हा अंक सुरू केला आणि पुढे कित्येक घरांत दिवाळी म्हणजे मुखपृष्ठावरची दलालांची बाई, असं समीकरणच झालं. शोधणाऱ्यांपैकी काही जण मुखपृष्ठ फाडून चौकटीत लावतात आणि आतला अंक टाकून देतात. अशा माणसाला अंक विकण्यापेक्षा रद्दीवाला परवडला. तो निदान शौकीन असल्याचा आव आणत नाही.

आता स्कॅनिंग. कर, जरूर कर. पण अंक टाकून देता यावेत म्हणून करू नकोस. तुझ्या तिसऱ्या फोटोत डाव्या कोपऱ्यात ‘आवाज’ दिसतो, तो काढ. मधुकर पाटकरांच्या या अंकातली खिडकीचित्रं उघडून बघ. वरच्या पानाला खिडकी कापलेली असते, त्यातून खालच्या चित्राचा नेमका एक तुकडा दिसतो आणि तो बघून मनात भलतंच काहीतरी येतं. पान उलटलं की चित्र निघतं अगदी घरगुती, आणि ओशाळायची पाळी आपल्यावर येते. सगळी गंमत पान उलटणाऱ्या बोटांत आहे. स्कॅनमध्ये ही दोन सुटी पानं होतात आणि पुढच्या माणसाला कळतही नाही की इथे काही विनोद होता.

आणखी एक करून बघ. सत्तरच्या आधीचा एखादा अंक घे, पान तिरप्या उजेडात धर आणि मागच्या बाजूवरून हलकेच बोट फिरव. अक्षरं हाताला लागतात. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून, दाबून छापलेलं ते पान. पुढे ऑफसेट आलं, मग संगणकावरची जुळणी आली, आणि पान गुळगुळीत झालं. तुझ्या ट्रंकेत हा बदल कुठल्या वर्षी झाला ते बोटांनीच सापडेल, आणि प्रत्येक अंकाचं वर्ष वेगळं निघेल; कारण कुणाकडे पैसे होते, कुणाकडे नव्हते.

स्कॅन करणारे लोक वेळ वाचवायला जाहिराती गाळतात. पूर्वी वाचनालयांतले बाइंडरही तेच करायचे. मुखपृष्ठं आणि जाहिराती काढायचे, कडा कापायचे, मग पुठ्ठा. कथा-कविता काय, पुढे पुस्तकांत येतात. सहकारी साखर कारखान्याची ती पानभर शुभेच्छा पुन्हा कुठेही येत नाही. टोपीतले अध्यक्ष, शेजारी उपाध्यक्ष, खाली कार्यकारी संचालक, ‘सर्व संचालक मंडळ, सभासद, कामगार बंधू’, आणि कोपऱ्यात दैनिक गाळप क्षमता. सलग दहा वर्षांचे अंक असले तर अध्यक्षांचा फोटो कधी बदलला, गाळप कधी वाढलं, कुठल्या वर्षी जाहिरातच आली नाही, हे सगळं समोर येतं. एका जिल्ह्याचं राजकारण तुझ्या माळ्यावर पडलेलं आहे आणि तू त्याला कथा-कवितांचा गठ्ठा समजते आहेस.

आता तुझा खरा प्रश्न, आजोबांनी हे का ठेवलं.

मी त्यांना कधी भेटलो नाही. तुझ्या मावशीने पत्ता दिला म्हणून तू मला लिहिलंस. त्यामुळे मी काही सांगितलं तर ते फोटोंवरूनच. पहिली गोष्ट, त्यांनी अंक वर्षवार लावलेले नाहीत. एका गठ्ठ्यात ‘मौज’ आणि ‘नवल’ एकत्र दिसतात. साहित्याची कडक शिस्त आणि अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा, दोन्ही एकाच सुतळीत. मोठा मोकळा वाचक असावा. दुसरी, माळ्यावरच्या एका गठ्ठ्यावर मला ७५ आणि ७६ हे आकडे दिसले. आणीबाणीतल्या दोन दिवाळ्या. जून १९७५ पासून छापण्यावर नियंत्रण होतं, आणि तरीही त्या वर्षी अंक निघाले. ते वेगळे का बांधले? कोण काय लिहितं आणि कोण काय टाळतं हे पाहायला? की त्या दोन वर्षांत घरी काही घडलं होतं? मला माहीत नाही. आईला विचार, आणि तिच्या मामालाही.

म्हणून गठ्ठे सोडायची घाई करू नकोस. आपला पहिला मोह असतो सगळं काढून वर्षवार, नीटनेटकं लावायचा. तो आवर. कशाशेजारी काय ठेवलं होतं, ही त्या माणसाने मागे ठेवलेली एकुलती एक साक्ष, आणि सुतळी सोडली की ती गेली. आधी गठ्ठ्याचा चारही बाजूंनी फोटो, त्याला क्रमांक, मग वरून खाली एकेक अंक, त्याच क्रमाने. पानांत काही सापडलं, पोस्टाची पावती, पिंपळपान, लग्नाच्या पत्रिकेचा फाटका तुकडा, तर ते कुठल्या पानात होतं ते लिही आणि तिथेच ठेव. वार्षिक राशिभविष्याची पानं तर नक्की तपास. पेन्सिलीची खूण कुठल्या राशीखाली आहे आणि कुठल्या महिन्यात आहे, ते आईला दाखव. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत ही खूण मुलीच्या लग्नाशी नाहीतर बदलीशी जाऊन मिळते.

तपकिरी कागदाचं कव्हर आणि जांभळा शिक्का असलेले अंक वाचनालयाचे. हंगामाची वर्गणी भरायची, एकेक अंक नेऊन वाचायचा, आणि फेब्रुवारी-मार्च उलटला की वाचनालयं तेच अंक स्वस्तात विकून टाकायची. आजोबांचे किती अंक कोरे विकत घेतलेले आणि किती असे हातावरून आलेले, हे मोज. त्यातून त्यांच्या पगाराचा अंदाज येईल. मधे दोन-तीन वर्षं रिकामी असतील, तर तीही लिही. नसलेला अंकही काही सांगतो. ती वर्षं बहुधा आजारपणाची किंवा हप्त्यांची असतात.

हे सगळं वहीत उतरव. एक्सेलमध्ये करायचं तर कर, पण एक छापील प्रत घरात असू दे. अंकाचं नाव, वर्ष, संपादक, मुखपृष्ठ कुणाचं, अवस्था, आणि एक रकाना ‘कुठून आला’. हा शेवटचा रकाना भरताना कंटाळा येतो, आणि नेमकी हीच माहिती दुसरीकडे कुठे मिळत नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली, ती आजही अभ्यासक उघडतात. त्यांच्याएवढी चिकाटी तुझ्याकडे किंवा माझ्याकडे नाही, ते सोड. पण त्यांच्याकडून एक शिकण्यासारखं आहे: आवडलेलं आणि न आवडलेलं सारख्याच अक्षरात लिहायचं. बाळबोध विनोदाचा अंकही नोंदव. तुझी नापसंती हवी तर समासात लिही.

ही वही नसेल तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे. माणूस जातो, तेराव्याच्या आसपास कुणीतरी वजनकाटा घेऊन दारात उभं राहतं, आणि वारसांना ठाऊकच नसतं की गठ्ठ्यात काय आहे. त्यांचा दोष नाही. जमवणाऱ्याने सगळं डोक्यात ठेवलेलं असतं.

पुण्यातलं केळकर संग्रहालय तू शाळेच्या सहलीत पाहिलं असशील. दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करायचे, आणि गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती, दारं जमवायचे. लोकांनी माळ्यावर टाकलेलं, मोडीत काढायला ठेवलेलं. संग्रहालयाला नाव दिलं लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. तिथे गेलेला प्रत्येक जण म्हणतो, दुःखातून उभं राहिलं. असेलही. पण नुसत्या दुःखाने अडकित्त्यांची ती रांग लागत नाही. एका अडकित्त्याची मूठ दुसऱ्यासारखी का नाही, हे बघत बसायची आवड असावी लागते, आणि ती माणसाला बहुधा आधीपासून असते. संग्रहाचं एकच कारण विचारलं की माणसं त्यातल्या त्यात देखणं कारण सांगतात. आजोबा असते आणि तू विचारलं असतंस, तर तेही ‘वाचनाची आवड’ म्हणून मोकळे झाले असते.

तू ओझरतं लिहिलंस की तूही नाटकांची तिकिटं ठेवतेस आणि ते ‘उगाच’ आहे. उगाच असू दे. पण दोन गोष्टी कर. आताची तिकिटं उष्णतेने छापणाऱ्या यंत्रावरची असतात. काही वर्षांत कागद कोरा होतो, प्लॅस्टिकच्या पाकिटात तर लवकरच. झेरॉक्स काढ आणि मूळ तिकिटाच्या मागे पेन्सिलीने तारीख, नाट्यगृह, बरोबर कोण होतं, आणि मध्यंतरात बटाटेवडा चांगला होता का, तेही लिही. दुसरं म्हणजे काय ठेवायचं नाही, ते ठरव. सिनेमाची नकोत, संगीताच्या मैफलींची नकोत, न पाहिलेल्या नाटकांची तर नकोतच. मित्र आणून देतात, घ्यायची नाहीत. आजोबांच्या गठ्ठ्यांत मला एकही मासिकाचा साधा अंक दिसला नाही, सगळे दिवाळीचेच. ती रेघ त्यांनी मारली होती आणि पाळली होती. माझ्या दृष्टीने त्या ट्रंकांना साठवण न म्हणता संग्रह म्हणायचं ते एवढ्याचसाठी.

आता कामाचं. वर्तमानपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा, तो पिवळा पडणार आणि ठिसूळ होणार. उजेड आणि दमटपणा टाळलास तर वेग कमी होतो, थांबत नाही. ऊन दाखवायला गच्चीत पसरू नकोस. गंजलेल्या पिना नखाने किंवा बोथट सुरीने उघड, ओढू नकोस, आणि त्या जागी सुती दोरा घाल. सेलोटेप आणि लॅमिनेशन या दोन शब्दांना घरात बंदी. पावसाळ्यात हवाबंद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेस तर आतल्या आत बुरशी धरेल. त्यापेक्षा धुतलेलं जुनं सुती कापड. डांबराच्या गोळ्यांऐवजी वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेव, कडुनिंबाचा पाला घालायचा तर पुरता वाळलेला. कसर कण्याला लावलेली खळ खाते, म्हणून कणा आधी तपास. ट्रंका भिंतीपासून वीतभर लांब आणि विटांवर.

जागेचं म्हणशील तर सगळं ठेवायची गरज नाही. यादी झाली की दोनदा आलेले अंक, सुट्या पानांचे अवशेष, आणि ज्यांत तुला किंवा आईला काहीच सापडत नाही ते, बाजूला काढ. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे, मुंबईचं १८९८ पासूनचं. अशा ठिकाणी आधी यादी पाठवायची, त्यांना हवं ते ते सांगतात. टेम्पो भरून दारात जाऊन उभं राहायचं नाही. जागेची अडचण त्यांनाही आहेच, आणि ‘दान’ म्हणून आणून टाकलेल्या गठ्ठ्यांना नाही म्हणणं त्यांना जड जातं. आणीबाणीचा गठ्ठा मात्र फोडू नकोस, तो एकत्रच कुठेतरी जावा.

भाड्याच्या घरात पलंगाखाली एक ट्रंक बसेल, दुसरी मावशीकडे ठेवता येते का बघ. आईला म्हणावं, रद्दीवाल्याला फक्त चार महिने थांबवून ठेव. पहिल्या गठ्ठ्याची यादी झाली की मला पाठव, अक्षर कसंही असलं तरी चालेल. आणि ‘आवाज’चा एखादा अंक दोनदा निघाला तर त्यातला एक माझ्यासाठी काढून ठेव. माझ्याकडच्या सगळ्या खिडक्या नातवंडांनी फाडल्या आहेत.